खांबांमध्ये ताणलेलं हृदय: अवकाश स्थानकावरच्या ४८ ऊतींचं प्रकरण

स्कॉट केली हा अमेरिकी अंतराळवीर २०१५-१६मध्ये सलग ३४० दिवस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होता. तिथे त्याचा व्यायाम नेमाने चालू होता. तरीही त्याच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा, म्हणजे सगळ्या शरीराला रक्त पुरवणारा मुख्य पंप, १९० ग्रॅमवरून १३९ ग्रॅमवर आला. २०२१मध्ये 'सर्क्युलेशन' या वैद्यकीय नियतकालिकात हे आकडे आले, तेव्हा त्याच लेखात आणखी एका माणसाच्या हृदयाची मोजमापं होती. बेन्वा लकोंत हा पट्टीचा पोहणारा २०१८मध्ये प्रशांत महासागर पोहून पार करायला निघाला आणि १५९ दिवस त्या मोहिमेवर होता. तो पृथ्वी सोडून कुठेच गेला नव्हता. फक्त रोज कित्येक तास पाण्यात आडवा असायचा. त्याच्याही हृदयाचं वजन जवळपास त्याच वेगाने उतरलं, आठवड्याला पाऊण ग्रॅमच्या आतबाहेर.

मला हा दुसरा माणूस पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. उभ्या माणसाचं रक्त पायांकडे ओढलं जातं आणि त्याच्याविरुद्ध हृदयाला राबावं लागतं. माणूस आडवा झाला, पाण्यात तरंगला किंवा भारहीन झाला, की ते ओझं हलकं होतं आणि स्नायू त्या मानाने आक्रसतो. केलीच्या हृदयाचं वजन घटायला एवढं कारण पुरेसं आहे, त्यासाठी अवकाशाला वेगळा दोष द्यायची गरज नाही.

पण मग उरतो तो प्रश्न जास्त अवघड आहे. ओझं हलकं होण्याचा परिणाम बाजूला काढला, तर खुद्द हृदयाच्या पेशीला अवकाशात काही होतं का? माणसावर प्रयोग करून हे कळणं अशक्य. माणसाच्या शरीरात रक्तदाब, संप्रेरकं, मज्जातंतू, झोप, खाणं, व्यायाम हे सगळं एकाच वेळी बदलत असतं. शरीर वगळून नुसता स्नायू वर पाठवता आला, तरच या प्रश्नाला हात घालता येतो. २०२०च्या मार्चमध्ये नेमकं तेच झालं.

माणूस वगळून स्नायू

हे काम डिओक-हो किम यांच्या गटाचं. सुरुवात सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाली. पुढे किम बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि प्रकल्पही त्यांच्याबरोबर गेला. ऊतींची, म्हणजे पेशी एकत्र येऊन बनलेल्या जिवंत पट्ट्यांची, घडण आणि त्यांची पेटी सिएटलमध्ये पीएचडी करत असलेल्या जोनाथन त्सुई यांनी उभी केली. निष्कर्ष सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 'पीएनएएस' या नियतकालिकात आले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक डेव्हिन मेअर.

कच्चा माल म्हणजे प्रेरित स्टेम सेल. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकांच्या बळावर मागे नेऊन जवळपास भ्रूणावस्थेतल्या पेशींसारखं केलं. त्यासाठी त्यांना २०१२मध्ये नोबेल मिळालं. अशा पेशीपासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येते. हृदयपेशी हवी असेल तर 'डब्ल्यूएनटी' नावाचा रासायनिक संदेशमार्ग आधी चालू करायचा आणि काही दिवसांनी बंद करायचा. गर्भात हृदय तयार होताना जे घडतं त्याची ही नक्कल. वेळ साधली तर दहा दिवसांच्या आतबाहेर बशीतल्या पेशी आपोआप ठोके देऊ लागतात. पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण इथे थबकतो. खरं काम मात्र त्यानंतर सुरू होतं.

कारण बशीच्या तळाला चपटा थर धरून बसलेली पेशी ठोके देते खरी, पण ती कशालाही ओढत नाही. हृदयाचं काम ओढण्याचं आणि ढकलण्याचं. म्हणून पेशी जेलीसारख्या मऊ माध्यमात मिसळून दोन बारीक खांबांच्या भोवती ओततात. पेशी एकमेकींना आणि माध्यमाला धरून आक्रसत जातात आणि काही दिवसांत दोन खांबांच्या मध्ये ताणलेला एक पट्टा तयार होतो, अंगणात दोन खुंटांना बांधलेल्या वाळवणाच्या दोरीसारखा. या ताणामुळे पेशी एका दिशेला लांबट होतात, त्यांचे स्नायुधागे एका रेषेत येतात आणि सगळा पट्टा एकसाथ आकुंचन पावू लागतो. किम यांच्या गटाची ही सगळी यंत्रणा मोबाइल फोनच्या निम्म्या आकाराच्या पेटीत बसवलेली होती.

या पट्ट्याला 'हृदय' म्हणताना थोडं सावध राहायला हवं. त्यात कप्पे नाहीत, झडपा नाहीत, रक्तवाहिन्या नाहीत. पेशी वयानेही कोवळ्या असतात. प्रौढ हृदयपेशी मुख्यतः मेदावर चालते, ही बरीचशी साखरेवर. प्रौढ पेशीत आतपर्यंत शिरणाऱ्या ज्या सूक्ष्म नळ्या असतात, त्या इथे जेमतेम असतात. प्रौढ हृदयाबद्दल ठाम निदान करायला असा पट्टा अपुरा पडतो. पण या प्रकरणात शरीराचं उरलेलं सगळं नसणं हीच त्याची किंमत आहे.

डोळ्यांऐवजी चुंबक

प्रयोगशाळेत असा पट्टा किती जोराने आकुंचन पावतो हे बघायची रूढ रीत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली व्हिडिओ घेणं. खांब लवचीक असतो, प्रत्येक ठोक्याला तो किंचित वाकतो. किती वाकला ते चित्रावरून मोजायचं, खांबाचा ताठरपणा आधीच माहीत असतो, त्यावरून बळ काढायचं. पेशीतल्या कॅल्शियमची ये-जा बघायची असेल तर चमकणारं रंगद्रव्य घालायचं. जमिनीवर हे उत्तम चालतं. अवकाश स्थानकावर मात्र प्रत्येक चित्रासाठी अंतराळवीराचा वेळ लागतो, फोकस जुळवावा लागतो आणि पेटी इनक्युबेटरमधून बाहेर काढली की तापमान बदलतं. शिवाय चमकदार प्रकाश आणि रंगद्रव्यं पेशींना स्वतःच त्रास देतात. महिनाभर दररोज असं करत राहिलं, तर पेशी अवकाशाने थकल्या की तपासणीने, हे सांगता येणार नाही.

सिएटलमध्ये २०१६च्या सुमारास यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत हुशार भाग वाटतो. दोनांपैकी एक खांब ताठ ठेवायचा आणि दुसऱ्या, लवचीक खांबाच्या टोकात इवलासा चुंबक बसवायचा. पट्टा आकुंचन पावला की खांब वाकतो, चुंबक हलतो आणि पेटीखालच्या संवेदकाला चुंबकीय क्षेत्रातला फरक जाणवतो. हे संवेदक ज्या भौतिक परिणामावर चालतात त्याच्या शोधासाठी अल्बर्ट फेर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७चं नोबेल मिळालं होतं; संगणकाच्या हार्ड डिस्कमधली माहिती वाचणाऱ्या भागातही तोच वापरला गेला. ना प्रकाश लागतो, ना फोकस, ना माणूस. किम यांच्या गटाला जमिनीवर बसून रोज अर्धा तास थेट नोंदी मिळत होत्या: प्रत्येक झटक्याचं बळ किती आणि दोन झटक्यांमध्ये वेळ किती.

हृदयाच्या ऊतींचं 'चित्रण' म्हटलं की रंगीबेरंगी छायाचित्रंच डोळ्यांसमोर येतात. इथे पहिल्या महिन्याचं सगळं चित्र एका चढउताराच्या आलेखात होतं.

फ्लोरिडा ते प्रशांत महासागर

ऊती फ्लोरिडाला नेणं हीच एक मोहीम होती. त्सुई यांनी पेट्या विमानातून स्वतःबरोबर, हातात घेऊन नेल्या. पुढे महिनाभर केनेडी अवकाश केंद्रात त्यांची देखभालही त्यांनीच केली. जिवंत पेशींना रॉकेटच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं. त्यांना ३७ अंशांची ऊब आणि ठरल्या वेळी पोषकद्रव हवा.

६ मार्च २०२०च्या रात्री स्पेसएक्सचं सीआरएस-२० हे मालवाहू यान केप कॅनव्हेरलहून निघालं. ड्रॅगन यानाच्या पहिल्या आवृत्तीचं हे शेवटचं उड्डाण. स्थानकाजवळ पोचल्यावर रोबो-बाहूने ते पकडण्याचं काम जेसिका मीर या अंतराळवीरांगनेने केलं आणि पुढे आठवड्यातून एकदा ऊतींचा पोषकद्रव बदलायचं कामही तिच्याकडेच आलं. मीर स्वतः सागरी जीवशास्त्रातली पीएचडी आहे, तेव्हा पेशींची ही सेवा तिला परकी वाटली नसावी. ठरलेल्या टप्प्यांवर काही ऊती तिने पुढच्या तपासणीसाठी टिकवून ठेवल्या, म्हणजे त्या क्षणी त्यांची अवस्था जशी होती तशीच थांबवली.

एकूण ४८ ऊती वर गेल्या होत्या. त्यांच्याच घडणीच्या ऊती जमिनीवर तशाच पेट्यांमध्ये ठेवलेल्या होत्या. हा जमिनीवरचा जोडसंच नसता, तर वरच्या एकाही आकड्याला अर्थ उरला नसता. प्रयोगशाळेत घडवलेले पट्टे महिनाभरात आपोआपही थोडेफार बदलतातच.

७ एप्रिलला यान प्रशांत महासागरात उतरलं. खाली तोवर जग बंद झालं होतं.

आलेख काय सांगतो

पहिली गोष्ट बळाची. जमिनीवरच्या ऊती महिनाभर साधारण आपल्या जोरावर टिकून राहिल्या. अवकाशातल्या ऊतींचं बळ दोन आठवड्यांच्या आतच खाली आलं आणि जमिनीवरच्या जोडीदारांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास पोचलं. दुसरी गोष्ट लयीची. या ऊतींच्या दोन ठोक्यांमध्ये साधारण एक सेकंदाचं अंतर असतं. स्थानकावर हे माप जवळपास पाचपटीने वाढलं आणि ठोके अनियमित झाले. रुग्णाच्या ईसीजीवर असं काही दिसलं तर डॉक्टर त्याला अतालता म्हणतील.

पृथ्वीवर परतल्यावर लय जवळपास पूर्वपदावर आली. बळ मात्र तितक्या सहज परतलं नाही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने सावरतात याचा अर्थ त्यांच्या मुळाशी असलेली बिघाडाची कारणंही बहुधा एकसारखी नाहीत. लय बिघडणं हा पेशीतल्या विद्युत आणि कॅल्शियमच्या व्यवहाराचा गोंधळ असू शकतो आणि तो लवकर निस्तरतो. बळ जाणं म्हणजे यंत्रच झिजलेलं असणं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. या पट्ट्यांवरचं ओझं कुठलं? रक्ताचं नव्हे, फक्त लवचीक खांबाचं. खांब वाकवायला लागणारं बळ त्याच्या पदार्थावर आणि जाडीवर ठरतं. गुरुत्वाशी त्याचा संबंध नाही. जमिनीवर जितका ताठ तितकाच स्थानकावर ताठ. म्हणजे केलीच्या हृदयाला लागू पडणारं स्पष्टीकरण, ओझं हलकं झालं म्हणून स्नायू ढिला पडला, हे इथे लागू पडत नाही. ओझं तेवढंच राहिलं आणि तरी स्नायूचा जोर गेला. अवकाशात हृदयपेशीचं आतूनही काहीतरी बिघडतं, हे या एका रचनेमुळे म्हणता येतं. शोधनिबंधातल्या जनुकांच्या लांबलचक याद्यांपेक्षा हा साधा खांब मला जास्त पटवून गेला.

मग चित्रं आली

बिघाड आहे हे चुंबकाने सांगितलं. कुठे आहे हे सांगायला पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला. साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही आणि ज्या रचना इथे तपासायच्या होत्या त्यांचे बारकावे त्याहून सूक्ष्म आहेत. या पद्धतीत ऊती रसायनांनी स्थिर करतात, जड धातूंनी रंगवतात, रेझिनमध्ये घट्ट बसवतात आणि हिऱ्याच्या पात्याने तिचे शंभर नॅनोमीटरपेक्षाही पातळ काप घेतात. त्यांतून आरपार जाणारे इलेक्ट्रॉन मग करडी प्रतिमा उमटवतात.

प्रतिमांमध्ये दोन गोष्टी ठळक होत्या. सार्कोमिअर, म्हणजे स्नायूतला आकुंचनाचा सर्वांत लहान घटक, निरोगी पेशीत एकामागे एक शिस्तीत लागलेला असतो. अवकाशातून आलेल्या ऊतींत सार्कोमिअर आखूड आणि विस्कळीत झालेले होते. धागे एका रेषेत नसतील तर प्रत्येकाची ओढ वेगळ्या दिशेला जाते आणि एकूण बळ घटतं. आलेखातली घसरण इथे डोळ्यांनी दिसली.

दुसरी गोष्ट तंतुकणिकांची. प्रौढ हृदयपेशीचा जवळपास तिसरा हिस्सा या ऊर्जा बनवणाऱ्या कणिकांनी भरलेला असतो, कारण हृदयाला आयुष्यभर विश्रांती नाही. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला दाट घड्या असतात आणि ऊर्जा तयार करणारी यंत्रणा त्या घड्यांवरच बसवलेली असते. अवकाशातल्या ऊतींत तंतुकणिका फुगलेल्या, गोलसर झालेल्या होत्या आणि त्यांच्या नेहमीच्या घड्या हरवल्या होत्या. घड्या गेल्या की ऊर्जा कमी बनते. शिवाय बिघडलेल्या यंत्रणेतून ऑक्सिजनची विध्वंसक रूपं बाहेर पडतात आणि ती आजूबाजूच्या रचनांना, त्यात तंतुकणिकांनाही, इजा करतात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांबद्दल एक तक्रार मात्र करायलाच हवी. ती इतकी प्रभावी असतात की एक चित्र दाखवलं की वाचक मान डोलावतो. पण त्या चित्रात ऊतीचा नखभरही भाग नसतो आणि दिसतो तो मेलेल्या पेशीचा एक थांबलेला क्षण. शेजारच्या कापात वेगळंच दिसू शकतं. म्हणून एकटं चित्र पुरावा नव्हे. या प्रकरणात त्याच ऊतींचा जिवंतपणीचा रोजचा आलेख हाताशी होता आणि चित्र त्याच्याशी जुळलं, म्हणून त्याला वजन आलं.

तिसरी साक्ष आरएनएची. पेशीत त्या वेळी कुठली जनुकं जास्त वापरात होती आणि कुठली कमी, हे आरएनए वाचून कळतं. चयापचयाचे विकार, हृदय निकामी होणं, ऑक्सिडेशनचा ताण (ऑक्सिजनच्या विध्वंसक रूपांमुळे पेशीवर येणारा ताण) आणि दाह यांच्याशी जोडलेली जनुकं वाढलेली होती. आकुंचन आणि कॅल्शियमच्या संदेशाशी जोडलेली घटलेली होती. संगणकीय प्रतिमानानेही ऑक्सिडेशनचा ताण आणि तंतुकणिकांचा बिघाड यांच्यातल्या दुव्याकडे बोट दाखवलं.

आधीचं एक प्रकरण आणि काही शंका

अवकाशात माणसाच्या हृदयपेशी नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. स्टॅनफर्डच्या जोसेफ वू यांच्या गटाने २०१६मध्ये स्टेम सेलपासून केलेल्या हृदयपेशी साडेपाच आठवडे स्थानकावर ठेवल्या होत्या. त्या चपट्या थरातल्या पेशी होत्या आणि केट रुबिन्स या अंतराळवीरांगनेने त्यांचे ठोके तिथल्या सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. २०१९मध्ये आलेल्या त्या अभ्यासात उड्डाणातले, परतीनंतरचे आणि जमिनीवरचे नमुने मिळून २,६३५ जनुकांच्या वापरात फरक दिसला आणि तंतुकणिकांच्या चयापचयाची जनुकं त्यातही होती. म्हणजे बोट तेव्हाही त्याच दिशेला होतं. पण चपटा थर कशालाच ओढत नसल्यामुळे जोर गेला की नाही, हा प्रश्न त्याला नीट विचारताच येत नव्हता. किम यांच्या प्रयोगाने तो विचारता आला.

शंका उरतातच. उड्डाणाच्या वेळचे हादरे आणि वाढलेलं गुरुत्व ऊतींनी सोसलेलं असतं. जमिनीवरच्या जोडसंचाने ते सोसलेलं नसतं. भारहीनतेत द्रवातला गरम भाग वर जात नाही आणि थंड भाग खाली येत नाही, त्यामुळे ऊतीभोवतीचा पोषकद्रव आपोआप ढवळला जात नाही. ऑक्सिजन आणि साखर ऊतीपर्यंत सावकाश, फक्त विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, पोचतात. बळ जाण्यात याचा वाटा किती? प्रारणाचा, म्हणजे अवकाशातल्या किरणोत्साराचा, किती? शोधनिबंधाच्या शीर्षकात दोष सूक्ष्मगुरुत्वाला, म्हणजे भारहीनतेला, न देता 'अवकाश-उड्डाणा'ला दिलेला आहे. बातम्यांनी मात्र सरसकट गुरुत्वालाच धरलं.

पुढचा टप्पा औषधांचा. मार्च २०२३मध्ये सीआरएस-२७ यानातून याच गटाच्या ऊतींची दुसरी खेप वर गेली. अवकाशातल्या बिघाडापासून पेशींना वाचवू शकतील अशी औषधं त्यांच्यावर तपासण्यासाठी हा प्रयोग होता. फुगलेल्या तंतुकणिका, ऑक्सिडेशनचा ताण, दाह, ढासळती लय ही लक्षणं म्हाताऱ्या हृदयातही सापडतात. तिथे जे सावकाश, वर्षानुवर्षं घडतं तसं काहीसं इथे महिनाभरात दिसलं. म्हणून या गटाचा डोळा मंगळमोहिमेइतकाच वृद्धांच्या हृदयविकारावरही आहे.

प्रारणाचा प्रश्न मात्र स्थानकावर सुटण्यातला नाही. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं आणि तिथवर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बरंचसं संरक्षण देतं. मंगळाच्या वाटेवर ते नसेल. म्हणून त्याचा परिणाम किम यांचा गट न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन इथल्या नासाच्या अवकाश-प्रारण प्रयोगशाळेत वेगळा अभ्यासतो आहे. तिथे जड आयनांचे, म्हणजे विद्युतभारित अणूंचे, झोत सोडता येतात आणि गुरुत्व जागच्या जागी असतं.